पडदा न पाडणारा नट

तुलूझ शहराबाहेर एक बाई एकटीच धुणं धूत होती. पाण्यावरून चालत एक धिप्पाड काळा माणूस तिच्याकडे आला. डोळे निखाऱ्यासारखे, अंगावर जनावरांची कातडी. त्यानं तिच्या तोंडात फुंकर घातली आणि त्या दिवसापासून ती त्याची झाली. पुढे शनिवारच्या रात्री, केवळ त्याच्या इच्छेच्या बळावर, ती सैतानाच्या मेळ्याला पोहोचू लागली. तिथे एका बोकडानं तिला विषारी झाडपाला ओळखायला शिकवलं. आन-मारी द झोर्झेल या प्रौढ बाईनं १३३५ साली इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, दिलेली ही जबानी. तिच्यासह त्या खटल्यात ६३ आरोपी होते.

विद्यार्थिदशेत मी ही जबानी वाचली, तेव्हा धुण्यानं लाल झालेले त्या बाईचे हात कितीतरी दिवस डोळ्यांपुढून हलत नव्हते. छळ करून तिच्याकडून हे वदवून घेतलं असणार, यात मला शंका नव्हती. बऱ्याच वर्षांनी कळलं, की तिचा छळ झालाच नव्हता, कारण ती कधी जन्मालाच आली नव्हती. खटला नव्हता, बाकीचे बासष्टजण नव्हते. १८२९ साली पॅरिसमध्ये एका उमरावानं टेबलापाशी बसून हे सगळं रचलं होतं. ज्या बाईसाठी आपण हळहळलो ती खोटी निघाली, की सुटकेचा श्वास टाकावा, असं कुणाला वाटेल. मला मात्र राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो का जाऊ नये, हेच मला इथे सांगायचं आहे.

या उमरावाचं नाव एतिएन-लेओं द लामोत-लांगों. जन्म १७८६, माँपेलिएचा. घराणं दक्षिण फ्रान्समधलं, लांगदोकचं. वडील क्रांतीच्या दहशतपर्वात १७९४ साली गिलोटिनखाली गेले, तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. नेपोलियनच्या अमदानीत तरुण लामोत-लांगोंला सरकारी नोकरी मिळाली आणि १८११मध्ये तो तुलूझला उपप्रीफेक्ट झाला. नेपोलियन पडला, बूर्बों राजे परत आले आणि त्याची चाकरी गेली. हातात कसब एकच उरलं, ते लेखणीचं. मग तो पोटासाठी लिहू लागला, आणि लिहिता लिहिता एका विलक्षण धंद्यात शिरला. तो दुसऱ्यांच्या नावानं बोलू लागला.

सुरुवात साधी होती. १८१६मध्ये त्यानं एक भयकथा छापली, ती इंग्रज लेखिका ॲन रॅडक्लिफ यांची म्हणून. स्वतःला त्यानं फक्त अनुवादक म्हणवून घेतलं होतं. रॅडक्लिफबाईंनी तसलं काही लिहिलेलं नव्हतं. पुढे त्यानं हात सैल सोडला. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यू बारी हिच्या आठवणी त्यानं लिहिल्या, अठराव्या लुई राजाच्या आठवणी तर बारा खंडांत लिहिल्या. मारी आंत्वानेतच्या दरबारातली काउंटेस दादेमार हिचीही स्मरणगाथा १८३६ साली त्याच्याच लेखणीतून उतरली. काउंटेस खरी होती, पण १८२२मध्येच वारली होती. राजा, रखेल, दरबारी स्त्री, ज्याचं सोंग घ्यावं ते त्याला वठे. रंगमंचावर तो कधी उभा राहिला नाही, पण मी त्याला नटच म्हणेन. जन्मानं उमराव, धंद्यानं नट आणि रंगभूमी कागदाची.

नट म्हणताना मला नटाची निंदा करायची नाही. उलट या माणसाचा अपराध नेमका कुठे आहे, हे नटाच्या धर्मावरूनच कळतं. आपल्याकडे गावोगाव बहुरूपी येत. खाकी कपडे, हातात दांडका, खिशात कसलासा कागद. दारात उभं राहून दरडावायचा, तुमच्या नावाचं वॉरंट आहे म्हणायचा, मग त्या वॉरंटात सासूसुनांच्या भांडणापासून काहीबाही कलमं वाचून दाखवायचा. घरातली पोरं खरोखर घाबरत. आणि शेवटी तोच माणूस हसून हात पुढे करायचा. तो पुढे केलेला हात म्हणजे त्याची कबुली. हा पोलीस नव्हे, सोंग आहे, आणि सोंग आवडलं असेल तर दाणे घाला. तो हात पुढे झाला नाही, तर बहुरूपी आणि तोतया यांत काही फरक उरत नाही.

हा फरक किती मोलाचा आहे, हे कळायला फ्रान्समधलंच दुसरं प्रकरण आठवावं लागतं. त्यातले लबाड खरोखरच नाटकवाले होते.

आर्थ्यूर रँबो या कवीनं 'ला शास स्पिरित्युएल' नावाचं काहीतरी लिहिलं होतं, हे जगाला त्याचा कविमित्र पॉल व्हर्लेन याच्यामुळे माहीत होतं. १८७२च्या जुलैमध्ये व्हर्लेन बायकोला सोडून रँबोबरोबर ब्रुसेल्सला निघून गेला. पुढे सासुरवाडीला राहून गेलेल्या चिजांची यादी त्यानं केली, तीत मोहोरबंद पाकिटातल्या या हस्तलिखिताचा उल्लेख आहे. ते हस्तलिखित पुन्हा कुणाच्या नजरेला पडलं नाही. रँबोच्या भक्तांना त्याचा ध्यास लागला होता. ज्याचं फक्त नाव उरलं आहे अशा पुस्तकाची ओढ उरलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त असते, कारण त्यात आपल्याला हवं ते भरता येतं.

१९४८मध्ये पॅरिसमध्ये दोघांनी रँबोच्या 'नरकातला एक ऋतू' या काव्याचा नाट्यप्रयोग केला. एक आकाकिया-व्हिआला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या फ्रेंच नाट्यप्रयोगांवर तिनं अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला होता. दुसरा निकोला बाताय, विशीतला नट. रँबोच्या जाणकारांनी प्रयोगाची सालटी काढली. या दोघांना रँबो कळलेलाच नाही, असा एकंदर सूर होता. तेव्हा या दोघांनी बसून हरवलेलं 'ला शास स्पिरित्युएल' स्वतःच लिहून काढलं. आम्हाला रँबो कळत नाही ना, मग आमचा रँबो तुम्हाला ओळखता येतो का, ते बघू.

१९ मे १९४९ रोजी 'कोंबा' या दैनिकानं त्यातला भाग छापला. हेच दैनिक जर्मन ताब्याच्या काळात चोरून निघायचं आणि काम्यूनं त्याचं संपादन केलं होतं. मर्क्यूर द फ्रान्स या प्रतिष्ठित प्रकाशनानं ते पुस्तकरूपानंही आणलं. प्रस्तावना पास्काल पिआ यांची. पिआ काही भोळे वाचक नव्हते. तरुणपणी त्यांनी स्वतः बोदलेअरच्या नावावर बनावट कविता खपवल्या होत्या. ज्याला सोंग आणायची कला अवगत होती, तोही दुसऱ्याच्या सोंगाला फसला. मला यात त्यांची फजिती दिसत नाही, माणसाच्या इच्छेचं बळ दिसतं. हरवलेला रँबो सापडावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मनापासून वाटणं डोळ्यांवर पडदा ओढतं.

ज्याचे डोळे उघडे राहिले तो अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँ. अंक वाचला त्याच दिवशी त्यानं पत्र लिहून कळवलं, की हे रँबोचं नाही. त्यानं शाई तपासली नव्हती, कागद पाहिला नव्हता, हस्तलिखित कुठून आलं याची चौकशी केली नव्हती. फक्त वाक्यं वाचली. रँबोच्या वाक्याला असलेला ताण, ती झेप त्यात नव्हती. ओळखीच्या प्रतिमा पुन्हा मांडून ठेवलेल्या होत्या, इतकंच. पुढे ब्रेताँनं या प्रकरणावर पुस्तिकाच लिहिली, आणि तिचा कडवटपणा मला समजतो. एखाद्या कवीवर खरं प्रेम असलं, की त्याच्या नावावर खपवलेली सुमार ओळ जिवाला झोंबते.

पण मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते पुढे घडलं. थोड्याच दिवसांत व्हिआला आणि बाताय यांनी पुढे येऊन सांगून टाकलं, की हे आमचं आहे. आणि तेव्हा एक अजब गोष्ट झाली. ज्यांनी मजकूर खरा मानला होता त्यांतल्या काहींना ही कबुलीच खोटी वाटली. एवढं चांगलं या दोघांना लिहिता येणं शक्य नाही, असं म्हणून त्यांच्याकडेच पुरावा मागितला गेला. आपलं खोटं खोटंच आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्यांना झगडावं लागलं. त्यांनी ते केलं. बहुरूप्यानं हात पुढे केला, यजमान तो हात धरायला तयार नव्हते, तरी त्यानं हात मागे घेतला नाही.

या दोघांनी साहित्याची विटंबना केली, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. रँबोचं काय गेलं? त्याच्या कवितेतली एक ओळ हलली नाही. उलट त्याचा आवाज कशानं त्याचा ठरतो, यावर पॅरिस काही आठवडे कळकळीनं भांडलं, आणि कवीच्या वाट्याला असं भांडण फार क्वचित येतं. वर्षभरात, ११ मे १९५० रोजी, याच बातायनं एका अनोळखी रुमानियन-फ्रेंच लेखकाचं पहिलं नाटक नोक्तांब्यूल नाट्यगृहात उभं केलं. लेखक यूजीन इयोनेस्को आणि नाटक 'टकली गायिका'. १९५७पासून पॅरिसच्या युशेत नाट्यगृहात ते चालूच राहिलं, आणि विसाव्या शतकाच्या रंगभूमीचा एक रस्ता तिथून फुटला. आपण सोंग घेतो आहोत हे जाणणाऱ्या माणसाच्या हातून असं काम होऊ शकलं, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आता पुन्हा लामोत-लांगोंकडे. १८२९मध्ये त्याचा 'फ्रान्समधील इन्क्विझिशनचा इतिहास' तीन खंडांत निघाला. काळ असा होता, की दहावा शार्ल गादीवर, चर्चचा प्रभाव पुन्हा वाढलेला आणि उदारमतवादी वाचक धुमसत असलेला. वर्षभरातच जुलैची क्रांती होऊन राजाला पळावं लागलं. चर्चचा जुना अत्याचार उघडा पाडणारं पुस्तक त्या वाचकाला हवंच होतं. तुलूझ आणि कार्कासोनच्या दफ्तरांतून उतरवलेली म्हणून या इतिहासकारानं चौदाव्या शतकातल्या चेटकिणींच्या खटल्यांची रांगच लावली. शेकडो बायका जाळल्याचे हिशेब दिले. आन-मारी द झोर्झेल त्यातलीच, तिच्याबरोबरची कातरीन देलोरही त्यातलीच.

ही दफ्तरं त्याच्याआधी कुणी पाहिली नव्हती आणि नंतरही कुणाला दिसली नाहीत. तरी ज्यूल मिशलेनं १८६२मध्ये 'ला सोर्सिएर' लिहिताना लामोत-लांगोंचा आधार घेतला. मिशले फ्रेंच इतिहासलेखनातला महापुरुष, गांजलेल्या बाईच्या बाजूनं लेखणी झिजवणारा, आणि त्याच्या शब्दावर पिढ्या वाढल्या. १९००च्या सुमारास योजेफ हान्सेन या जर्मन दफ्तरपालानं चेटूक-खटल्यांची मूळ साधनं गोळा करून छापली. त्या शास्त्रशुद्ध संग्रहात या जबान्या शिरल्या. एकदा तिथे गेल्यावर त्यांना कोण विचारणार? पुढचा प्रत्येक लेखक हान्सेनचा हवाला देई, आणि हान्सेनच्या मागे एकटा तो उमराव उभा असे.

जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९७५ आणि १९७६मध्ये, नॉर्मन कोन आणि रिचर्ड कीकहेफर हे दोन इतिहासकार एकमेकांवर न विसंबता एकाच निष्कर्षाला आले. मूळ कागद कुठेच नाहीत. जुनी हस्तलिखितं वाचण्याचं शिक्षण या माणसाला कधी मिळालेलं नाही. चौदाव्या शतकातल्या आरोपी बायका अशा गोष्टी बोलतात, की त्या दीडशे-दोनशे वर्षांनंतरच्या चेटूकग्रंथांतच सापडतात. आणि ज्यानं राजाच्या, रखेलीच्या, मेलेल्या काउंटेसच्या तोंडून हजारो पानं वदवली, त्यानं चेटकिणीच्या तोंडून काही वदवलं नसेल असं मानायला जागा उरत नाही. ब्रेताँला कानानं कळलं, कोन आणि कीकहेफर यांना दफ्तरं धुंडाळावी लागली. कवितेचा खोटेपणा कानाला लागू शकतो, पण जबानीचा लागत नाही. छळलेल्या माणसाचा तुटका, विचित्र आवाज खरा कसा असतो, हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून आपण कुठलाही विचित्र आवाज खरा धरतो.

यात बिघडलं काय, असं विचारणारे भेटतात. चर्चनं माणसं जाळलीच होती, चेटकिणी म्हणून बायका जाळल्या गेल्याच होत्या. शंभर वर्षं इकडेतिकडे, गाव इकडचं तिकडे. मिशलेचा मुद्दा तर खराच राहतो ना?

राहत नाही. या खोट्या खटल्यांवर एक संपूर्ण सिद्धान्त उभा राहिला होता. झोर्झेलबाईच्या तोंडी लामोत-लांगोंनं घातलं होतं, की देव स्वर्गाचा राजा आणि सैतान पृथ्वीचा, दोघं तुल्यबळ. दक्षिण फ्रान्समधल्या काथार पंथाची शिकवण याच्या जवळची. तेव्हा काथारांना चिरडता चिरडता इन्क्विझिशननं चेटूक-खटले जन्माला घातले, अशी वंशावळ तयार झाली. खोटी पानं काढून घेतल्यावर ती वंशावळ कोसळते. मोठ्या प्रमाणावरच्या चेटूक-खटल्यांची सुरुवात शतकभर पुढे सरकते आणि जागाही बदलते. ती लांगदोकमधून आल्प्स पर्वतातल्या दऱ्यांकडे जाते, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या व्हालेच्या १४२८च्या खटल्यांकडे. तिथून पुढच्या तीन शतकांत ज्या बायका आणि पुरुष मेले, त्यांतल्या बहुसंख्यांना इन्क्विझिशननं नाही, तर गावच्या आणि सरदारांच्या, चर्चबाहेरच्या न्यायालयांनी मारलं. दूध आटलं, मूल दगावलं, गारा पडल्या, आणि शेजाऱ्यानं शेजारणीचं नाव घेतलं.

म्हणजे कुणी जाळलं, या प्रश्नाला लामोत-लांगोंनं चुकीचं उत्तर दिलं आणि दीडशे वर्षं ते टिकलं. दोष एका दूरच्या, काळ्या झग्यातल्या संस्थेवर गेला, तेव्हा गावचे पंच सुटले, न्यायाधीश सुटले आणि शेजारी सुटले. व्हालेच्या दऱ्यांतल्या खऱ्या मेलेल्यांच्या जागी तुलूझच्या कल्पित बायका येऊन बसल्या, आणि त्या लेखणीनं घडवलेल्या म्हणून अधिक बोलक्या. माझ्या रागाचं मूळ इथे आहे. त्या बाईसाठी मी जो हळहळलो, ती हळहळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची होती.

त्याची बाजूही मांडली पाहिजे. बाप गिलोटिनवर गेलेला, नोकरी सुटलेली, पानाच्या हिशेबानं पैसे देणारे प्रकाशक दारात. अशा माणसाची गरिबी मला कळते, आणि त्याच्या 'ला व्हांपीर'सारख्या कादंबरीवर माझा काहीच आक्षेप नाही. १८२५च्या त्या पुस्तकावर कादंबरी म्हणून लिहिलेलं आहे आणि वाचक काय विकत घेतोय ते त्याला ठाऊक आहे. फ्रेंच लेखक प्रॉस्पेर मेरीमेनंही १८२७मध्ये बाल्कन लोकगीतं म्हणून स्वतःच्या रचना छापल्या. पुश्किननं त्यांतल्या काही रशियनमध्ये नेल्या, पण मेरीमेनं आपली करणी कबूल केली. लोकगीत खोटं निघालं म्हणून कुणाच्या चितेचा पत्ता बदलला नाही. तळटीप आली, की व्यवहार बदलतो. तळटीप लिहिणारा सांगत असतो, की मी पाहून आलो, तुम्हीही जाऊन पाहा. ज्या दफ्तरखान्यात काही नाही तिकडे बोट दाखवणं ही साक्ष आहे, आणि खोट्या साक्षीला गरिबीची सबब पुरत नाही. तो १८६४पर्यंत जगला. मिशलेचं पुस्तक त्याच्या डोळ्यांदेखत निघालं. एक ओळ लिहून सगळं थांबवता आलं असतं.

अशा खोट्याला मरण लवकर येत नाही, हे आपल्या देशाच्या अंगणातही दिसतं. दादेमारच्या बनावट आठवणींमध्ये सँ-झेर्मेन नावाचा गूढ काउंट मारी आंत्वानेतला क्रांतीचं भाकीत सांगतो. हा काउंट १७८४ साली मेल्याची नोंद आहे, तरी पुस्तकात तो त्यानंतरही भेटत राहतो. इसाबेल कूपर-ओकली यांनी १९१२मध्ये सँ-झेर्मेनवर पुस्तक लिहिलं, त्यात याच आठवणींचा आधार घेतलेला आहे. त्या थिऑसॉफिस्ट होत्या आणि १८८४मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक ब्लाव्हात्स्कींबरोबर मद्रासजवळच्या अड्यारला आल्या होत्या. त्याआधी १८७९ ते १८८२ या सोसायटीचं ठाणं मुंबईत होतं. मरण नसलेला गुरू म्हणून सँ-झेर्मेनला पुजणाऱ्या प्रामाणिक माणसांच्या श्रद्धेखाली पॅरिसच्या एका कर्जबाजारी उमरावाची शाई आहे. त्यांनी काय पुजावं हा त्यांचा प्रश्न आहे, पण त्यांना फसवलं गेलं, हे कुणीतरी सांगायला हवं.

तुलूझच्या इन्क्विझिशनची एक वही मात्र खरी आहे. बर्नार गी या इन्क्विझिटरनं १३०८ ते १३२३ या काळात दिलेल्या शिक्षांची ती नोंदवही, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. तीत शेकडो नावं आहेत. बहुतेकांना तुरुंग, तीर्थयात्रा, नाहीतर कपड्यांवर शिवायचे पिवळे क्रूस. जिवंत जाळायला सोपवलेले चाळीसच्या आसपास. चेटकिणीचा खटला त्यात एकही नाही. लामोत-लांगोंच्या शेकड्यांपुढे हा आकडा लहान दिसतो. पण त्यातल्या प्रत्येकाला गाव आहे, आईबाप आहेत. पिएर ओतिए हा आक्स गावचा नोटरी, दस्तऐवज लिहून पोट भरणारा. पुढे सगळं सोडून तो काथारांचा उपदेशक झाला, आणि १३१०च्या एप्रिलमध्ये तुलूझला त्याला जाळलं. धुणं धुणाऱ्या त्या बाईची जागा मनात रिकामी झाली, तेव्हापासून मी तिथे त्याला ठेवलं आहे.